तार लावायची की थांबायचं? जन्मजात विकार असलेल्या मुलांच्या दातांविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत एक गोष्ट समान आहे. मुलाला जन्मापासून एखादा आनुवंशिक विकार आहे, मोठे उपचार कुठे ना कुठे सुरू आहेत, आणि दातांचा विषय ‘नंतर बघू’ म्हणत मागे पडला आहे. काहींना ‘अशा मुलांना तार लावत नाहीत’ असं सांगून परत पाठवलंय, तर काहींना पहिल्याच भेटीत दात काढायला सांगितलंय. दोन्ही सल्ले घाईचे आहेत. या मुलांचे दात सरळ होतात आणि हसूही छान दिसतं. फक्त कोणत्या वयात काय करायचं आणि कशाच्या आधी काय, हा क्रम इतर मुलांपेक्षा वेगळा असतो. पत्रं थोडी आवरती घेतली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. दीड वर्षाची असताना हृदयातलं छिद्र बंद करण्याची शस्त्रक्रिया झाली. वरचे समोरचे दात खालच्या दातांच्या आत बसतात, दोन दात अजून आलेच नाहीत आणि जीभ सारखी बाहेर असते. तार लावली तर ती सहन करेल का? दर वेळी अँटिबायोटिक द्यावं लागेल का?
— एक आई, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर: आधी तिच्या हिरड्या बघा. डाउन सिंड्रोममध्ये दात किडण्याचं प्रमाण बरेचदा कमी असतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं की तोंड चांगलं आहे. हिरड्यांचा आजार मात्र लहान वयात सुरू होतो आणि भराभर वाढतो. एक तर या मुलांची जंतूंशी लढण्याची ताकद कमी पडते, आणि दुसरं म्हणजे दातांची मुळं आखूड असतात. आखूड मुळाभोवतीचं हाड थोडं झिजलं तरी दात हलू लागतो. खालच्या पटाशीच्या दातांवर ही वेळ सर्वांत आधी येते. सुजलेल्या हिरडीत तार ओढली तर दात सरकतो, पण हाड गमावून सरकतो. म्हणून सलग तीन महिने ब्रश करताना रक्त आलं नाही, तरच तार, असं आम्ही पालकांना सांगतो.

रात्रीचा ब्रश तुम्हीच करा, अकरा वर्षांची झाली तरी. तिला खुर्चीवर बसवा, मागे उभ्या राहा, तिचं डोकं तुमच्या छातीला टेकू द्या. डाव्या हाताच्या बोटानं ओठ वर उचला आणि लहान डोक्याचा मऊ ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर तिरका धरा. ब्रश नेमका तिथेच पोचत नाही, कारण ओठ उचललेलाच नसतो. किमान १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घ्या. सूज जास्त असेल तर ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन गॉझच्या तुकड्यावर घेऊन हिरडीवरून पुसता येतं. चूळ भरून थुंकणं जमत नसेल त्यांना ही पद्धत सोयीची. पेस्ट आणि क्लोरहेक्सिडिन यांच्यात अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर औषधाचा परिणाम कमी होतो. दोन आठवड्यांहून जास्त मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, दातांवर तपकिरी डाग धरतात. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात किटण काढून घ्या.

‘आलेच नाहीत’ हे ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे पाहिल्याशिवाय ठरत नाही. या मुलांमध्ये दात एक-दोन वर्षं उशिरा येणं नेहमीचं आहे. एखादा कायमचा दात मुळातच न बनणंही तितकंच नेहमीचं, विशेषतः वरचे पटाशीच्या बाजूचे दात आणि दुसऱ्या उपदाढा. खाली कायमचा दात नसेल तर वरचा दुधाचा दात सुस्थितीत असेपर्यंत ठेवायचा. तो जागा आणि हाड दोन्ही सांभाळतो. ‘दुधाचा आहे, काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर आधी ओपीजी मागा.

अँटिबायोटिकचं उत्तर तिच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या, पण तत्त्व समजून घ्या. छिद्र पूर्ण बंद झालंय, शस्त्रक्रियेला सहा महिने उलटलेत आणि छिद्रावर लावलेल्या पट्टीच्या कडेनं गळती राहिलेली नाही, अशा मुलांना सहसा आधी डोस लागत नाही. कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयाच्या अस्तराचा संसर्ग, दुरुस्त न केलेला निळसरपणाचा हृदयदोष, किंवा पट्टीजवळ उरलेली गळती असेल तर लागतो: अमोक्सिसिलिन वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २ ग्रॅम, एकदाच, कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध निवडतात. आणि अशा मुलांनाही प्रत्येक भेटीला डोस लागत नाही. ब्रॅकेट (दातावर बसणारे, तार धरून ठेवणारे छोटे तुकडे) चिकटवणं, तार बदलणं, एक्स-रे, काढघालीची प्लेट यांसाठी तो नको. हिरडीला धक्का लागणाऱ्या कामांसाठी हवा, म्हणजे दाढेवर पहिल्यांदा बँड (दाढेभोवतीची धातूची कडी) बसवणं, त्याआधी दाढांमध्ये रबरी रिंग घालणं, किटण काढणं, दात काढणं.

मानेबद्दल बरेचदा विचारलंच जात नाही. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. दातांच्या खुर्चीत डोकं मागे खेचून मान ताणायची नाही, मानेखाली छोटी उशी हवी. तिची चाल अलीकडे बदलली असेल, मान दुखते म्हणत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर दातांचं काम थांबवून आधी मानेची तपासणी करा.

आता उलट्या चाव्याबद्दल. तिचा खालचा जबडा मोठा दिसत असेल, पण बहुधा वरचा जबडा अरुंद आणि मागे राहिलेला आहे. त्यामुळेच जिभेला जागा पुरत नाही आणि ती बाहेर येते. जीभ लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार इतक्यात नको. टाळूवर रुंदी वाढवणारी स्क्रूची प्लेट चिकटवतात. किल्लीचा एक फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. इतर मुलांना तो रोज एक-दोनदा देतात. या मुलांत दिवसाआड एकच दिला तर दुखणं कमी राहतं आणि सवयही होते. हवी तेवढी रुंदी आली की स्क्रू बंद करून प्लेट किमान सहा महिने तशीच ठेवायची. मधल्या फटीत हाड भरायला तेवढा वेळ लागतो, आणि लवकर काढली तर रुंदी परत जाते. जबडा पुढे ओढणाऱ्या मुखवट्याचा उपयोग आठ ते दहा वर्षांत सर्वांत चांगला होतो. तुमच्या मुलीला अजून थोडा होईल, पण रोज बारा तास ती घालणार असेल तरच. नाही घातला तर तिला रागावू नका. काही मुलांना मोठेपणी जबड्याची शस्त्रक्रिया लागते. तो पर्यायही चांगलाच आहे.

ती रात्री घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तारेआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. थायरॉइडची तपासणीही ताजी हवी.

पहिल्या तीन-चार भेटी फक्त ओळखीच्या ठेवा. प्रत्येकी पंधरा मिनिटं: आरसा हातात देणं, हवेचा फवारा हातावर मारून दाखवणं, एक दात पुसणं. मग दोन दातांवर ब्रॅकेट, मग चारांवर. बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास शेवटच्या आठवड्यात उरकत नाही, तसंच हेही. आणि तार काढल्यावर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी) कायमचा, हे पहिल्याच दिवशी मान्य करून घ्या. या मुलांत जिभेचा दाब आणि सैल स्नायू दातांना पुन्हा बाहेर ढकलत राहतात.

प्रश्न: माझा नातू, लेकीचा मुलगा, पाच वर्षांचा. तोंडात चारच दात, तेही सुळ्यासारखे टोकदार. केस विरळ, घाम येत नाही. माझ्या भावालाही असंच होतं. डॉक्टरांनी एक्टोडर्मल डिस्प्लेसिया सांगितलंय. इतक्या लहान मुलाला कवळी बसवतात का? की मोठा झाल्यावर एकदमच इम्प्लांट बसवावेत?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर: आजी, बसवतात, आणि आणखी थांबू नका. या विकारात कवळी तीन-चार वर्षांच्या वयापासून देतात. शाळेत जाण्याआधी दिली तर मूल चावायला, बोलायला आणि इतरांसमोर तोंड उघडायला लवकर शिकतं.

तुमच्या भावाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. या विकाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात दोष एक्स गुणसूत्रावरच्या ईडीए जनुकात असतो. तो आईकडून येतो. मुलग्यांत पूर्ण दिसतो, मुलींत अंशतः: एखादा दात कमी, एखादा बारीक टोकदार, केस थोडे पातळ. चार्ल्स डार्विननं १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. त्यात चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजके दात होते, अंगावर केस फार कमी होते आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून हाल होत. मुलींना त्रास नव्हता, पण त्यांच्या मुलग्यांत तो उतरत होता. तुमच्या घरातलं चित्र तेच आहे. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला हा विकार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मी. तुमच्या लेकीला आणखी मूल हवं असेल किंवा तिला बहीण असेल, तर जनुकीय समुपदेशन आत्ताच करून घ्यावं. दोष कुणाचा, ही चर्चा मात्र घरात होऊ देऊ नका. लेकीनं काही केलं म्हणून हे झालेलं नाही.

ते चार टोकदार दात अजिबात काढू नका. दात असतो तिथेच जबड्याचं हाड उभं राहतं. दात नाही तिथे ते सुरीच्या धारेसारखं पातळ राहतं. दातांना कॉम्पोझिटनं (दाताच्या रंगाच्या भरणानं) आकार द्यायचा किंवा त्यांच्यावरच कवळी बसवायची. ती जास्त घट्ट बसते आणि हाडही टिकतं.

कवळी चार-पाच भेटींत होते. लहान ट्रेनं माप, मग दोन्ही जबडे किती अंतरावर मिटायला हवेत ते ठरवणं, मग मेणात रचलेले दात तोंडात लावून बघणं, शेवटी कवळी. माप घेताना मुलाला पुढे वाकवून बसवलं आणि पटकन घट्ट होणारं अल्जिनेट वापरलं तर ओकारी कमी येते. पहिला आठवडा मऊ खाणं: खिचडी, भिजवलेले पोहे, केळं. बोलताना थुंकी उडते, ‘स’ नीट येत नाही. दोन-तीन आठवड्यांत जमतं. रात्री काढून पाण्यात ठेवायची. मऊ ब्रश आणि साध्या साबणानं धुवायची. गरम पाणी नको, आकार बिघडतो. या मुलांत लाळ कमी असते, आणि कवळी धरून ठेवते ती लाळच. म्हणून जेवणाआधी घोटभर पाणी प्यायची सवय लावा.

दर सहा महिन्यांनी दाखवा. कवळीच्या एका बाजूला बोटानं दाबल्यावर दुसरी बाजू उचलली जात असेल, ओठांचे कोपरे चिरत असतील, किंवा तोंड मिटल्यावर हनुवटी पुढे-वर येऊन चेहरा म्हाताऱ्यासारखा आखूड दिसत असेल, तर कवळी लहान झाली आहे. वाढत्या वयात साधारण दोन-तीन वर्षांनी नवी लागते. हा खर्च पुढेही येणार आहे, तो आधीच धरून चला.

इम्प्लांटचं, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम दाताचं, असं आहे की खरा दात हाडाबरोबर वर येतो, पण इम्प्लांट हाडाला घट्ट धरून जागच्या जागी राहतो. जबडा वाढला की शेजारचं हाड पुढे जातं आणि इम्प्लांट खोल बुडतो, दात आखूड दिसतो, कधी सगळं काढावं लागतं. म्हणून वाढ थांबेपर्यंत थांबायचं. मुलग्यांत ते बरेचदा अठरा-वीसच्या पुढे जातं. वर्षाच्या अंतरानं चेहऱ्याच्या बाजूनं काढलेल्या दोन एक्स-रेंत फरक दिसला नाही, म्हणजे वाढ थांबली. अपवाद एकच: खालच्या जबड्याचा समोरचा भाग. खाली एकही दात नसेल आणि कवळी अजिबात टिकत नसेल, तर तिथे दोन इम्प्लांट लवकर बसवण्याचा विचार अनुभवी ठिकाणी करतात. कुणी पाच वर्षांच्या मुलाला वरच्या जबड्यात इम्प्लांट सुचवला तर सरळ नाही म्हणा.

उन्हाळ्याबद्दलही थोडं. इंदूरमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि घाम न येणाऱ्या मुलाचं अंग त्यात ताप आल्यासारखं तापतं. ही उष्णता पॅरासिटामॉलनं उतरत नाही. पाण्यानं अंग पुसून, पंख्याखाली ठेवून उतरवायची. दवाखान्याच्या भेटी सकाळच्या घ्या, बाहेर जाताना ओला बनियन आणि पाण्याच्या फवाऱ्याची बाटली बरोबर. शाळेलाही हे लेखी कळवा.

प्रश्न: मी २२ वर्षांची आहे. लहानपणापासून दात पिवळे-तपकिरी आहेत, टोकं तुटतात, थंड लागतं. पुढचे दात मिटत नाहीत, मधे फट राहते. धारमध्ये सगळे म्हणाले पाण्यामुळे होतं, ब्लीचिंग कर. वडिलांचे दातही असेच आहेत.
— एक वाचक, धार

उत्तर: ब्लीचिंग करू नका, आधी निदान करून घ्या. धार-झाबुआ पट्ट्यात पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडतात हे खरं. म्हणूनच आनुवंशिक आजार असलेली मंडळीही त्याच गटात ढकलली जातात. फरक असा ओळखा. फ्लोरोसिस एकाच बोअरचं पाणी पिऊन वाढलेल्या बहुतेक मुलांत दिसतो, दुधाच्या दातांत सहसा कमी असतो, आणि डाग दोन्ही बाजूंना सारखे, आडव्या रेषांत असतात. अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे एनॅमल (दातावरचा कडक थर) नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, पाणी कुठलंही असो, एका घरातल्या काही जणांत दिसतो आणि दुधाचे दातही तसेच असतात. वडिलांचे दात, थंड लागणं आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधली फट, हे सगळं या आजाराकडे बोट दाखवतं. एक्स-रेमध्ये एनॅमल पातळ किंवा डेंटिनइतकंच (दाताच्या आतल्या थराइतकंच) फिकट दिसलं तर शंका फिटते. पाण्याचीही एकदा तपासणी करा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ ही भारतीय मानकाची कमाल मर्यादा आहे.

हा आजार असेल तर ब्लीचचं द्रावण कमजोर एनॅमलमधून थेट आत झिरपतं. कळा येतात, रंग फारसा उजळत नाही.

क्रम असा ठेवा: हिरड्या, दाढा, तार, आणि सर्वांत शेवटी समोरच्या दातांचं सौंदर्य. झिजणाऱ्या दाढांवर आधी कॅप, म्हणजे जेवणं सुखाचं होतं आणि चाव्याची उंची टिकते. मग फट मिटवण्यासाठी तार. इथे नेहमीचा गोंद दगा देतो, कारण ब्रॅकेट धरायला भक्कम एनॅमलच नसतं. काही प्रकारांत चिकटवण्याआधी दातावर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट मिनिटभर लावून धुतलं तर पकड सुधारते. दाढांवर ब्रॅकेटऐवजी ग्लास आयोनोमर सिमेंटनं बँड. समोरच्या दातांवर आधी कॉम्पोझिटचा थर आणि त्यावर ब्रॅकेट. सिरॅमिकचे पांढरे ब्रॅकेट टाळा. काढताना ते एनॅमलचा पापुद्रा घेऊन येतात. फट मोठी असेल आणि जबड्याच्या हाडामुळेच असेल तर नुसती तार पुरत नाही, शस्त्रक्रिया लागते. हे तार लावण्याआधी बाजूच्या एक्स-रेवरून ठरायला हवं.

शेवटी समोरच्या दातांवर सिरॅमिक. तुमच्या वयाला ते करता येतं. अठराच्या आत करत नाहीत, कारण दाताची आतली नस मोठी असते आणि हिरडी अजून वर सरकायची असते. लग्नकार्य जवळ आलं म्हणून तारेआधीच सिरॅमिक करून घेऊ नका. तोपर्यंत कॉम्पोझिटचे व्हेनियर एका-दोन भेटींत चांगलं रूप देतात.

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा, तीव्र हिमोफिलिया ए. दात वेडेवाकडे आहेत. दोन ठिकाणी नकार मिळाला.
— एक वडील, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: नकाराचं कारण नाही. ब्रॅकेट चिकटवणं आणि तार बदलणं यात रक्त येत नाही, त्यासाठी सहसा फॅक्टरही (रक्त गोठायला लागणारं, या आजारात कमी असलेलं प्रथिन) लागत नाही. फॅक्टर लागतो दात काढताना आणि खालच्या जबड्याला भूल देणाऱ्या खोल इंजेक्शनच्या वेळी. त्या इंजेक्शननं घशाच्या बाजूला रक्त साचलं तर श्वास अडू शकतो, म्हणून फॅक्टरशिवाय ते कुणालाही देऊ देऊ नका. दात काढायचे असतील तर सगळे एकाच दिवशी, हिमोफिलिया उपचार केंद्राच्या सल्ल्यानं. मग ५ टक्के ट्रानेक्झामिक ॲसिडच्या द्रावणाची १० मिलिलिटर चूळ, दोन मिनिटं, दिवसातून चारदा, आठवडाभर. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नाही. तुमच्या मुलाच्या दातांची गर्दी मध्यम असेल तर दात न काढता जागा करता येते का, हे आधी तपासायला सांगा.

त्याला खरा धोका तारेच्या टोकांचा. दाढेमागे तार वाकवून आत वळवलेली हवी, स्टीलच्या बारीक तारांऐवजी रबरी रिंगा हव्यात, आणि दातांचं मेण दप्तरात कायम हवं. इंदुरी मुलाला पोहे सोडायला सांगण्यात अर्थ नाही, पण वरची जाड कडक शेव, तळलेल्या गराडू कंदाची करकरीत कड आणि दातांनी ओरबाडून खाल्लेला भुट्टा यांनी ब्रॅकेट निघतो, मोकळी तार गालात रुतते, आणि इतर मुलांना जिथे नुसतं खरचटलं असतं तिथे याला रात्रभर रक्त गळत राहतं. बारीक शेव पोह्यांत भिजू द्यावी. भुट्ट्याचा कीस खुशाल खावा. गालाला जखम झालीच तर ट्रानेक्झामिकमध्ये भिजवलेला गॉझ वीस मिनिटं न उचलता दाबून धरा. सारखं उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते.

केंद्राचं पत्र आणि दातांचं काम एका फेरीत व्हावं, असं वाटत असेल तर शासकीय दंत चिकित्सा महाविद्यालय एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयाच्या जवळच आहे.

प्रश्न: मुलीला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा (हाडं ठिसूळ असण्याचा विकार) आहे, वय ९. दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनेटची सलाईन लागते. दात करडे-निळसर आहेत. पुढे तार लावता येईल का?
— एक आई, उज्जैन

उत्तर: येईल, पण दात सावकाश सरकतील. झोलेड्रोनेट हाडाची झीज रोखतं, आणि दात सरकण्यासाठी पुढच्या बाजूचं हाड झिजावंच लागतं. हे औषध हाडात अनेक वर्षं राहतं, त्यामुळे तारेसाठी ते बंद करण्यात अर्थ नाही आणि बंद करूही नका. हात-पाय मोडू नयेत हे दातांपेक्षा मोठं. दात काढायचे असतील तर हाडांच्या डॉक्टरांशी बोलून सलाईनच्या तारखेशी जुळवून घ्या.

करडा रंग डेंटिनमधल्या दोषाचा आहे. वरचं एनॅमल चांगलं असतं, पण खालचा आधार कच्चा म्हणून कपचे उडतात. आलेल्या पहिल्या कायमच्या दाढांवर स्टीलच्या कॅप लवकर बसवा. या दातांच्या आतली पोकळी वयाबरोबर भरून जाते, मग रूट कॅनालला वाटच उरत नाही. म्हणून झिजून नस दुखेपर्यंत थांबायचं नाही. दात काढताना जबड्याला हातानं आधार हवा, हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

प्रश्न: मुलाचा ओठ आणि टाळू दुभंगलेला होता, दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. आता आठ वर्षांचा. हिरडीत अजून फट आहे, तिथे एक वाकडा दात आलाय. त्याच्या आणि त्याच्या आईच्याही खालच्या ओठावर दोन बारीक खळगे आहेत. काही संबंध आहे का?
— एक वडील, देवास

उत्तर: संबंध आहे. खालच्या ओठावरचे दोन खळगे आणि दुभंगलेला ओठ-टाळू हे व्हॅन डर वूड सिंड्रोमचं लक्षण आहे. तो आई-वडिलांपैकी एकाकडूनही येतो आणि पुढच्या प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. पुढचं मूल हवं असेल तर समुपदेशन घ्या.

मुलाचं वय अगदी योग्य आहे. हिरडीच्या फटीत कमरेचं हाड भरण्याची शस्त्रक्रिया साधारण ८ ते ११ वर्षांत, सुळा उगवण्याआधी करतात. त्याचं मूळ अर्धं ते दोन तृतीयांश बनलेलं असावं. मग सुळा त्या नव्या हाडातून उतरतो आणि आपणच हाड टिकवतो. उशीर झाला तर भरलेलं हाड विरघळण्याचं प्रमाण वाढतं. त्याआधी काही महिने टाळूची रुंदी वाढवून घ्यायची, फट मोठी दिसली तरी घाबरू नका, हाड भरायला तीच सोय असते. फटीतला वाकडा दात काढायचा असेल तर शस्त्रक्रियेच्या सहा-आठ आठवडे आधी काढतात, म्हणजे हिरडी भरून आलेली असते. त्याहून आधी नको, त्याच्याभोवतीचं थोडं हाड तोपर्यंत कामी येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ-टाळू अठरा वर्षांपर्यंत समाविष्ट आहे. शाळेतल्या तपासणी पथकाकडून किंवा जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रातून संदर्भपत्र घ्या.

प्रश्न: थॅलेसेमिया मेजर, वय १५. वरचा जबडा पुढे, दातांत फटी. तार चालेल?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: चालेल. रक्त कमी पडलं की हाडांतला मगज फुगतो आणि वरचा जबडा फुगून पुढे येतो. हाडाची बाहेरची भिंत पातळ असते, म्हणून जोर हलका आणि उपचार शक्य तेवढा थोडक्यात. भेटी रक्त चढवल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत घे. प्लीहा काढलेली असेल तर हिरडीला धक्का लागणाऱ्या कामाआधी रक्तविकार तज्ज्ञांना विचार. हिपॅटायटिसचा जुना अहवाल असेल तर तो लपवू नकोस. त्यावरून तार नाकारली जात नाही.

एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेव. लोह कमी करण्यासाठी डेफेरिप्रोनच्या गोळ्या घेत असशील आणि घसा दुखून ताप आला, तोंडात फोड आले, तर ‘ब्रॅकेट घासली असेल’ म्हणून मेण लावून बसू नकोस. या औषधानं पांढऱ्या पेशी एकाएकी खाली येऊ शकतात. गोळी थांबव, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घे आणि रक्तविकार तज्ज्ञांना फोन कर.